कूर्सवरच्या बहिष्काराला मागणीपत्र होतं

माझा मामा ठाण्याकडच्या एका औषध कारखान्यात कामगार होता आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या युनियनचा चिटणीस. मी जाहिरात व्यवसायात आहे. कंपन्यांचं नाव कसं होतं आणि कसं जातं, ते पाहणं हे माझं रोजचं काम. मी समलिंगी आहे हे घरात सर्वांत आधी मी मामाला सांगितलं होतं, त्यामुळे या विषयावर त्याच्याशी बोलताना मला आडपडदा ठेवावा लागत नाही. समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी ग्राहकांनी कंपन्यांवर बहिष्कार घालावा का, यावर मात्र आमचं पटत नाही. घालावा, पण युनियनच्या शिस्तीने घालावा, असं मामाचं म्हणणं. हे हत्यार आता आपल्यावरच उलटतं, असं माझं. आमच्या बोलण्यातला कामाचा भाग इथे देते आहे.

मी : मामा, बड लाइट बिअरचं काय झालं ते बघ. १ एप्रिल २०२३ला डिलन मलवेनी या ट्रान्स तरुणीने इन्स्टाग्रामवर त्या बिअरचा एक छोटा व्हिडिओ टाकला. कंपनीने तिचं चित्र छापलेला एक कॅन तिला भेट पाठवला होता. तो कॅन कुठल्याही दुकानात विक्रीला नव्हता. तेवढ्यावरून अमेरिकाभर बहिष्कार पेटला. किड रॉक नावाच्या गायकाने बिअरच्या खोक्यांवर गोळ्या झाडल्या आणि त्याचं चित्रीकरण लोकांना दाखवलं. खप साधारण पाव हिश्शाने पडला. वीसेक वर्षं देशात सर्वाधिक खपणारी ही बिअर दोन-अडीच महिन्यांत मोडेलो या बिअरच्या मागे गेली.

मामा : आणि कंपनी?

मी : मुख्याधिकाऱ्याने एक निवेदन काढलं, त्यात त्या मुलीचं नावसुद्धा नव्हतं. जिच्या हाताखाली ही मोहीम झाली त्या बाईला रजेवर पाठवलं. मलवेनीला धमक्या येत होत्या, घराबाहेर पडायची भीती वाटत होती, आणि कंपनीतून कुणी साधी विचारपूसही केली नाही, असं तिने नंतर सांगितलं. वर्षानुवर्षं प्राइडच्या मोर्चांना पैसे देणारी ही कंपनी, पहिल्याच धक्क्याला तिने हात सोडला. संख्या ज्यांची जास्त, त्यांचा बहिष्कार चालतो. आपली संख्या कधीच जास्त नसणार.

मामा : त्या बहिष्कार घालणाऱ्यांची मागणी काय होती?

मी : ती दिसू नये, एवढीच.

मामा : कंपनीने काय केलं म्हणजे ते परत ती बिअर घेणार होते?

मी : ते कुणी सांगितलं नाही.

मामा : मग आधी तेवढं वेगळं काढ. आम्ही संपावर गेलो की व्यवस्थापनाकडे मागणीपत्र आधीच पोचलेलं असायचं. कलम एक, कलम दोन. तेवढं द्या, उद्या सकाळच्या पाळीला हजर. मागणी नसलेला संप मी कधी होऊ दिला नाही, कारण तो मागे कधी घ्यायचा हेच कुणाला कळत नाही. बिअरच्याच गोष्टी काढायच्या तर कूर्सची काढ. तिथे मागणी होती.

(कूर्सचा इतिहास मामाला तोंडपाठ आहे. कामगार चळवळीच्या अभ्यासवर्गात त्याने तो पहिल्यांदा ऐकला, आणि माझं कळल्यावर पुन्हा मुळातून वाचला. त्याच्याच शब्दांत देते.)

मामा : कूर्स ही कोलोरॅडोतल्या गोल्डन गावची कंपनी, १८७३पासूनची. मालक एकच कुटुंब आणि युनियनशी त्यांचं जुनं वाकडं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात जी बिअर खपायची तिच्यातली जवळपास चाळीस टक्के कूर्स. आता सॅन फ्रान्सिस्कोला ये. तिथे बिअरचे ट्रक चालवणाऱ्यांची टीमस्टर्स नावाची युनियन. तिचा पुढारी अ‍ॅलन बेअर्ड, बायकोबरोबर कॅस्ट्रो भागात राहणारा. त्याच्या डोळ्यांसमोर ती वस्ती समलिंगींची झाली होती. १९७३-७४च्या सुमाराला वितरक करार करेनात, तेव्हा याच्या डोक्यात आलं की आपल्या आसपास इतके समलिंगी बार आहेत, त्यांनी या वितरकांची बिअर ठेवली नाही तर? तो तिथल्या समलिंगींचा पुढारी हार्वी मिल्क याच्याकडे गेला. मिल्कचं तेव्हा कॅमेऱ्याचं दुकान होतं, निवडणुका लढवून हरत होता. मिल्क हो म्हणाला. पण एक अट घातली.

मी : समलिंगींना ट्रकवर घ्या.

मामा : हो. आम्ही तुमच्यासाठी बारांत ती बिअर बंद करतो, तुम्ही आमच्या पोरांना ड्रायव्हर म्हणून लावा, आणि ती पोरं आपण कोण हे न लपवता काम करतील. बेअर्डने शब्द दिला आणि पाळला. त्या काळात ट्रक ड्रायव्हरांच्या युनियनमध्ये हे किती जड गेलं असेल, ते मला विचार. आमच्याकडे बाईला मशीनवर घ्यायचं म्हटलं तरी सभेत आरडाओरडा व्हायचा. बारवाल्यांनी बाटल्या उतरवून घेणं बंद केलं. सहापैकी पाच वितरकांनी करार केला. राहिली एकटी कूर्स.

मी : ही झाली वितरणाची भांडणं. कारखान्यात समलिंगींशी काय वागणूक होती?

मामा : तेच पुढे बाहेर आलं. नोकरीला घेताना कूर्स पॉलिग्राफ लावायची. खोटं पकडायचं यंत्र. तू चोरी केलीस का, इथपासून प्रश्न सुरू व्हायचे. आणि तू कुणाबरोबर निजतोस हेही विचारायचे, अशी कामगारांची तक्रार होती. मेक्सिकन वंशाच्या लोकांना ही कंपनी घेत नाही म्हणून त्यांचा बहिष्कार साठच्या दशकापासून होताच. एप्रिल १९७७मध्ये कारखान्यातले दीड हजाराच्या आसपास लोक संपावर गेले. मग मध्यवर्ती कामगार संघटनेनेच, म्हणजे एएफएल-सीआयओने, देशभर बहिष्कार पुकारला. चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे लोक, ड्रायव्हर, समलिंगी, बायकांच्या संघटना, सगळे एका बाटलीविरुद्ध. हॉवर्ड वॉलेस नावाचा स्वतः समलिंगी असलेला ट्रक ड्रायव्हर तर बारोबार फिरून हे काम करत होता. आणि बेअर्डने आपला भोंगा मिल्कला देऊन टाकला. पुढे मिल्कने कॅस्ट्रोतल्या मोर्चांत तोच वापरला.

मी : पण मामा, संप हरला.

मामा : हरला.

मी : नुसता हरला नाही. कंपनीने बाहेरून माणसं आणून कारखाना चालवला, आणि १९७८च्या डिसेंबरात मतदान होऊन युनियनची मान्यताच गेली. त्याच्या काही दिवस आधी, २७ नोव्हेंबरला, मिल्कचा खून झाला होता. मग यात जिंकलं कोण? खप घसरला म्हणशील, तर त्याच वर्षांत मोठ्या कंपन्या जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतून बाजार घेत होत्या, हलक्या बिअरची नवी लाट आली होती. कूर्सचा कॅलिफोर्नियातला हिस्सा पुढच्या आठ-दहा वर्षांत निम्म्याहून खाली गेला, हे खरं. त्यातला किती बहिष्काराने आणि किती स्पर्धेने, हे वेगळं काढून कुणी दाखवू शकत नाही. मी या धंद्यात आहे, म्हणून सांगते.

मामा : वेगळं काढू नकोस. मालकाला जे दिसलं ते बघ. १९७८मध्ये कूर्सने आपल्या नोकरभरतीच्या नियमांत लिहिलं की लैंगिक कलावरून भेदभाव करणार नाही. १९७८, लक्षात घे. तेव्हा अमेरिकेच्या एकाही राज्यात खासगी नोकऱ्यांसाठी असा कायदा नव्हता. १९८६मध्ये पॉलिग्राफ बंद झाला. १९८७मध्ये कामगार संघटनेने बहिष्कार मागे घेतला. १९९५मध्ये कंपनीने समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना विमा आणि सवलती लागू केल्या. संप हरला, पण कलमं राहिली. मी जे करार केले त्यांतले निम्मे असेच आहेत. भांडण हरलो आणि चार वर्षांनी मालकाने तेच कलम आपणहून टाकलं. त्याला पुन्हा ते भांडण नको होतं.

इथे मला मामाचं म्हणणं मान्य करावंसं वाटतं, आणि तरी ते पुरतं मान्य होत नाही. कूर्स कुटुंबातल्या जोसेफ कूर्सने १९७३मध्ये अडीच लाख डॉलर देऊन हेरिटेज फाउंडेशन ही पुराणमतवादी संस्था उभी करायला मदत केली. कारखान्यात समलिंगींना संरक्षण मिळालं आणि बाहेर कुटुंबाचा पैसा त्यांच्या हक्कांना विरोध करणाऱ्या राजकारणाला मिळत राहिला. म्हणूनच कामगार संघटनेने बहिष्कार उठवल्यावरही कॅस्ट्रोतल्या कित्येक बारांनी कूर्स ठेवली नाही. नव्वदच्या दशकात कंपनीने समलिंगी ग्राहकांशी संबंध जोडण्यासाठी मेरी चेनी यांना नेमलं, पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या डिक चेनींची समलिंगी मुलगी. तरी जुन्या लोकांचा राग गेला नाही.

मामा : तो राग मला कळतो. पण जे मागितलं ते मिळालं की पुढचं मागणीपत्र द्यावं. जुनाच बहिष्कार वर्षानुवर्षं चालू ठेवला तर दुसऱ्या मालकाला वाटतं, यांना काहीही द्या, हे थांबणारच नाहीत. मग तो देईल कशाला?

मी : आणि पैसा कुठे जातो याचं काय? माझ्या पैशातून माझ्याच विरुद्ध प्रचार व्हावा, हे मी का सोसू?

मामा : सोसू नकोस. तुझी एकटीची खरेदी थांबव, ते तुझं स्वातंत्र्य. पण तिला आंदोलन म्हणू नकोस.

मी : चिक-फिल-ए या अमेरिकेतल्या हॉटेलांच्या साखळीविरुद्ध आंदोलन होतं, निदान लोकांना तसं वाटलं. २०१२मध्ये त्या कंपनीचा प्रमुख समलिंगी विवाहाविरुद्ध बोलला, आणि कुटुंबाच्या संस्थेच्या देणग्याही तशाच होत्या. बहिष्काराची हाक आली. उलट्या बाजूने राजकारणी माइक हकाबी यांनी १ ऑगस्टला त्या दुकानांत जेवायला या असं आवाहन केलं. रस्त्यापर्यंत रांगा लागल्या, विक्रीचा विक्रम झाला. ती कंपनी त्यानंतर वाढतच गेली.

मामा : तिथे कामावरच्या माणसांनी काही मागितलं होतं का?

मी : नाही. मालकाच्या मताविरुद्ध होता तो.

मामा : मालकाचं मत बदलायला मी कधी गेलो नाही. आमच्या साहेबांची मतं ऐकली असतीस तर कानात बोटं घातली असतीस. मला त्याची सही हवी होती.

बरिलाचं उदाहरण मी मुद्दाम काढलं नाही, कारण ते मामाच्या बाजूचं आहे. २०१३मध्ये पास्ता बनवणाऱ्या या इटालियन कंपनीचा अध्यक्ष रेडिओवर म्हणाला की आम्ही समलिंगी कुटुंबाची जाहिरात करणार नाही. बहिष्काराची हाक आली, त्याने माफी मागितली, आणि वर्षभरात कंपनीने नियम इतके बदलले की अमेरिकेतल्या ह्यूमन राइट्स कॅम्पेन या संस्थेने तिला शंभरपैकी शंभर गुण दिले. मी काढलं ते क्रॅकर बॅरलचं.

मी : क्रॅकर बॅरल ही टेनेसीतली हॉटेलांची साखळी. जानेवारी १९९१मध्ये कंपनीने लेखी फतवा काढला की समलिंगी माणसं आमच्याकडे कामाला नकोत. स्वयंपाकघरातले, वाढपी, असे लोक काढले गेले. धरणी झाली, बहिष्कार झाला, लोक हॉटेलात टेबलं अडवून बसले. फतवा मागे घेतला, पण काढलेल्यांना परत घेतलं नाही आणि नियमही केला नाही. तो नियम कसा झाला सांगू? न्यूयॉर्क शहराच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाकडे त्या कंपनीचे शेअर होते. त्या फंडाने भागधारकांच्या सभेत ठराव मांडला. पहिल्यांदा मतं कमी पडली. पुन्हा मांडला. असे ठराव मतदानाला घ्यायची गरज नाही, असं सरकारी नियामकानेच सांगितलं, त्यावर कोर्टबाजी झाली, १९९८मध्ये तो नियम फिरला. शेवटी २००२मध्ये ५८ टक्के मतं ठरावाच्या बाजूने पडली आणि संचालकांनी नियमात बदल केला. कंपनीच्या आत बसून कुणी तरी चिकाटी धरली, तेव्हा हे झालं.

मामा : पेन्शन फंड कुणाचा म्हणालीस?

मी : शहराच्या कर्मचाऱ्यांचा.

मामा : म्हणजे झाडूवाले, कारकून, नर्सा. कामगारांनी घामाचे साठवलेले पैसे आहेत ते. तू ज्याला आतलं काम म्हणतेस तिथेही कामगारच उभा आहे, अगं.

मी : अकरा वर्षं लागली, मामा. काढलेल्या माणसांची अकरा वर्षं.

मामा : हो. ते माणसाला परत देता येत नाही. कुठल्याच लढ्यात देता येत नाही.

यावर आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही. मग मी आपल्याकडची गोष्ट काढली, कारण माझी खरी भीती तिथली आहे.

मी : ऑक्टोबर २०२१. डाबरच्या फेम क्रीमची जाहिरात. दोन बायका एकमेकींसाठी करवा चौथ करताहेत, एक बाई त्यांना नवे कपडे देते आहे. मला ती जाहिरात फार थोर वाटली नाही, गोरेपणाच्या क्रीमसाठी होती. पण टीव्हीवर माझ्यासारखं घर दिसलं होतं. लगेच बहिष्काराची हाक आली. मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी कारवाईचा इशारा दिला. दोन-चार दिवसांत जाहिरात गेली, बिनशर्त माफी आली. त्याच आठवड्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड जाहीर भाषणात म्हणाले की लोकांच्या असहिष्णुतेमुळे ती मागे घ्यावी लागली. समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणारा कलम ३७७चा निकाल देणाऱ्या पाच न्यायमूर्तींत ते स्वतः होते. निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. तीन वर्षांनी एका क्रीमच्या जाहिरातीतही आम्ही टिकलो नाही.

मामा : तो बहिष्कार नव्हता. ते वाळीत टाकणं होतं.

मी : कंपनीला?

मामा : तुम्हाला. कंपनी फक्त मध्ये होती. आपल्याकडे जातपंचायती काय करतात? मुलाने जातीबाहेर लग्न केलं की त्या घराशी रोटीबेटी बंद, आणि जो दुकानदार त्यांना मीठ देईल त्यालाही दंड. दुकानदाराशी त्यांचं भांडण नसतं. त्याने त्या घराला दारात उभं करू नये, एवढंच हवं असतं. महाराष्ट्राने २०१६मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला. डाबरला जे सांगितलं ते हेच, या दोघींना दारात उभं करू नका. बड लाइटलाही तेच सांगितलं. कूर्सला काय सांगितलं होतं? माणसांना कामावर घ्या, छळू नका, यंत्र काढा. एक ताकदवानाकडून हक्क मागतो. दुसरा दुबळ्याला हुसकून काढायला ताकदवानाला भाग पाडतो. दोन्हींत खरेदी थांबते म्हणून ते सारखे होत नाहीत.

मी : कंपनीच्या हिशेबाच्या वहीत ते सारखेच दिसतात.

मामा : ते कंपनीचं दुखणं. तू माणूस आहेस, तुला फरक कळायला हवा.

मामाचं हे म्हणणं मी बरेच दिवस मनात घोळवलं, आणि मला ते बरोबर वाटतं. पण ते माझी अडचण सोडवत नाही. आधीच्या एका नोकरीत मी माझ्या जोडीदाराचं नाव मेडिक्लेममध्ये घालता येईल का, असं विचारलं होतं. अर्जात तशी सोय नाही, असं उत्तर आलं. त्याच जूनमध्ये, प्राइडच्या महिन्यात, कंपनीने आपल्या नाममुद्रेला इंद्रधनुष्याचे सहा रंग चढवले, आणि ते काम माझ्याच टेबलावर आलं. मी ते केलं. मामाला हे सांगितलं तेव्हा तो चिडला, माझ्यावर नाही.

मामा : मग लेखी दे. एकटी देऊ नकोस, चौघी मिळून द्या.

मी : माझ्या धंद्यात युनियन नाही, मामा. चौघी कोण आहेत हे मला माहीत नाही. त्यांतल्या दोघींनी घरी सांगितलेलं नसेल. सही करणं म्हणजेच जाहीर करणं. मिल्ककडे कॅस्ट्रोची वस्ती होती, बेअर्डकडे ड्रायव्हर होते.

मामा : म्हणून तर बाहेरचा ग्राहक लागतो. ज्यांना सही करता येत नाही त्यांच्या वतीने तो विचारू शकतो. पण त्याने स्वतःच्या मनाने उठून बहिष्कार पुकारू नये. आतल्या माणसांना विचारावं. खप पडला की पहिला फटका कंत्राटी पोऱ्यालाच बसतो. बड लाइटनंतर कुणाच्या नोकऱ्या गेल्या?

मी : जुलै २०२३मध्ये कंपनीने अमेरिकेतले दोन टक्क्यांहून थोडे कमी लोक कमी केले. कार्यालयातले होते. कारखान्यातल्यांना हात लावला नाही, असं कंपनीने सांगितलं.

मामा : लावला असता तरी त्या गोळ्या झाडणाऱ्याला काही वाटलं नसतं. आम्हाला वाटतं. म्हणून आम्ही आधी विचारतो.

आमच्यात अजून एक मतभेद उरला आहे आणि तो मिटेल असं मला वाटत नाही. मामाला वाटतं, बहिष्काराची धमकी खरी वाटावी म्हणून अधूनमधून तो खरोखर करावा लागतो. मला वाटतं, भारतात आज आपण असा बहिष्कार पुकारला तर त्याला उत्तर म्हणून येणारी लाट दहापट मोठी असेल, आणि ज्या दोन-चार कंपन्यांनी नियम चांगले केले आहेत त्या घाबरून मागे सरतील. गोदरेजने २०१८मध्ये मुंबईत ट्रान्स व्यक्तींना नोकरीत सामावून घेण्याचा जाहीरनामा काढला. ते काम कुणाच्या बहिष्कारातून झालेलं नाही, आत बसलेल्या माणसांनी केलं. मामा म्हणतो, अशी माणसं प्रत्येक कंपनीत नसतात. तेही खरं आहे.

एका गोष्टीवर मात्र आमचं पूर्ण एकमत आहे. अमेरिकेत १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की केवळ समलिंगी किंवा ट्रान्स आहे म्हणून कुणाला नोकरीवरून काढता येणार नाही. भारतात तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९चा कायदा आहे. पण खासगी कंपनीने एखाद्याला तो समलिंगी आहे म्हणून काढलं, तर त्याला थेट संरक्षण देणारा कायदा आज नाही. तो होईपर्यंत हे संरक्षण प्रत्येक कंपनीच्या नियमावलीत, एकेक कलम करून मिळवावं लागणार आहे. ज्या कंपनीचा साबण, चहा किंवा विमा तुम्ही घेता तिला पत्र लिहा आणि तीन गोष्टी विचारा: तुमच्या नियमात लैंगिक कलावरून भेदभाव करणार नाही असं लिहिलं आहे का, जोडीदाराला मेडिक्लेम मिळतो का, आणि तक्रार कुणाकडे करायची. उत्तर लेखी मागा. तुम्ही समलिंगी नसाल तर हे पत्र तुम्ही लिहिणं जास्त गरजेचं आहे, कारण तुमच्या सहीने तुमची नोकरी जाणार नाही.